त्वचेचा कर्करोग मलमाने बरा होतो का?

नाकाच्या कडेला आलेला काळपट, चकचकीत फोड महिनोन् महिने भरत नाही. बायोप्सीत ‘बेसल सेल कार्सिनोमा’ निघतो आणि घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, चेहरा कापावाच लागेल का? दर वेळी नाही. पण ‘मलमाने जाईल’ हे उत्तरही अर्धवटच आहे.

मलम कधी चालते?

गाठ त्वचेच्या वरच्या थरातच असेल तेव्हा. अशा ‘सुपरफिशियल’ प्रकारात इमिक्विमॉड ५ टक्के क्रीम आठवड्यातून ५ दिवस, ६ आठवडे लावतात. हे औषध शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्या जागी कामाला लावते. त्यामुळे त्वचा लाल होते, सोलवटते, खपली धरते. याची कल्पना आधी दिली नाही, तर रुग्ण घाबरून मलम बंद करतो.

नेदरलँड्समध्ये अशाच ६०१ रुग्णांच्या अभ्यासात ५ वर्षांनंतर इमिक्विमॉड लावलेले ८०.५ टक्के रुग्ण रोगमुक्त होते. फ्लुरोयुरॅसिल क्रीमसाठी हे प्रमाण ७०, तर औषध लावून प्रकाशझोत टाकणाऱ्या फोटोडायनॅमिक उपचारासाठी ६२.७ टक्के होते. यंत्राचा उपचार तो सरस, हा समज इथे टिकत नाही.

मग शस्त्रक्रिया कशाला?

ब्रिटनमधील अभ्यासात ५ वर्षांनंतर शस्त्रक्रियेचे यश ९७.७ टक्के, इमिक्विमॉडचे ८२.५ टक्के होते. पाठीवर डाग असलेल्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या ऐंशीच्या आजोबांना हा फरक परवडू शकतो. चाळिशीतल्या रुग्णाच्या नाकावरील खोल गाठीसाठी परवडणारा नाही. निवड रुग्णाची असावी, पण हे दोन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवून. शस्त्रक्रिया झेपत नसलेल्या वृद्धांसाठी रेडिओथेरपी आहेच.

खोलवर गेलेला ‘स्क्वेमस सेल’ कर्करोग लसिकाग्रंथींत पसरू शकतो. तिथे मलमावर विसंबणे धोक्याचे. मेलानोमात तर अधिकच.

खरा धोका घरगुती उपायांत

भारतीयांच्या सावळ्या त्वचेवर बेसल सेलची गाठ अनेकदा काळी दिसते. ती तीळ किंवा चामखीळ समजून चुना लावून जाळली जाते, नाहीतर औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे मलम आणले जाते. वरची खपली पडते, आतली गाठ वाढत राहते. डाग दिसेनासा झाल्याने रुग्ण डॉक्टरकडे जातच नाही, आणि जातो तेव्हा सहा आठवड्यांच्या मलमाचा पर्याय बहुधा उरलेला नसतो.