लेव्ही द्या, जागाही मागा

व्यापारी बंधूंनो, माथाडी मंडळाला लेव्ही मागण्याचा अधिकार दिला कोणी, हा सवाल गंगापूर रोडवरच्या दुकानांतून नेहमी ऐकू येतो. जवाब 1969 च्या माथाडी कायद्यात आहे. कामगार कल्याण हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने राज्याला तो कायदा करता आला. आपल्या कापडाच्या गाठी पाठीवर वाहणाऱ्या हमालाला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मिळते ती याच लेव्हीतून. तिला खंडणी म्हणणे गैर आहे.

पण त्याच कायद्याचे कलम 6 सांगते, मंडळावर मालक व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असावेत. नुसत्या अधिकाऱ्यांच्या भरवशावर मंडळ चालले तर हिशोब विचारणार कोण? म्हणून लेव्ही बुडवू नका. पावती घ्या आणि मंडळावरची आपली जागा हक्काने मागा.