शोधाचे वर्ष आणि पोहोचण्याचे वर्ष

१/८
वैद्यकाचा इतिहास आपण शोधांच्या सनावळीतून शिकतो. माझे मत असे की, प्रत्येक शोधापुढे दुसरेही वर्ष लिहावे : तो सामान्य रुग्णापर्यंत पोहोचल्याचे. हृदयविकाराच्या झटक्याची रक्तचाचणी आणि आपला मालवण किनारा हे त्याचे बोलके उदाहरण. #धागा

२/८
१९५४, न्यूयॉर्क. लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी दाखवले की, झटक्यानंतर ट्रान्सअमिनेज या विकराचे रक्तातील प्रमाण वाढते. हृदयाच्या मृत पेशींतून ते रक्तात उतरते. परंतु हेच विकर यकृतातही असते. म्हणून साक्ष संदिग्ध.

३/८
तेव्हा मालवण मुंबई राज्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात होते. मुंबईला जोडणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंद. दक्षिणेस गोव्यात १८४२ पासून वैद्यकीय विद्यालय होते. पण १९६१ पर्यंत मध्ये पोर्तुगीज सत्तेची सीमा उभी होती.

४/८
१९८९. हायडेलबर्गच्या ह्यूगो काटुस यांच्या गटाने ट्रोपोनिन टी मोजण्याची पद्धत मांडली. हृदयातील ट्रोपोनिन इतर स्नायूंतल्याहून वेगळे असल्याने साक्ष नेमकी झाली. २००० मध्ये युरोप-अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी झटक्याची व्याख्याच त्याभोवती नव्याने लिहिली.

५/८
या साक्षीलाही मर्यादा आहेत. ट्रोपोनिन वाढण्यास काही तास लागतात. पहिला अहवाल निर्दोष आला म्हणून धोका टळत नाही. रक्तवाहिनी किती अरुंद झाली, हेही ते सांगत नाही. ईसीजीत झटका स्पष्ट दिसत असेल, तर रक्ताच्या अहवालासाठी थांबायचे नसते.

६/८
१ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला, ओरोस मुख्यालय ठरले. तरीही गंभीर रुग्णाची वाट बहुधा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडेच वळत राहिली. मालवणहून शंभराहून अधिक किलोमीटर. २०१८ च्या आरंभी गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, आणि पुसलेली सीमा रुग्णालयाच्या खिडकीवर पुन्हा दिसली.

७/८
कोणी म्हणेल, चाचणी आता लहान प्रयोगशाळेतही होते; मग अंतर उरले कुठे? उरले ते निदान आणि उपचार यांच्यामध्ये. बंद पडलेली रक्तवाहिनी अहवालाने उघडत नाही, आणि प्रवासाच्या प्रत्येक तासाला हृदयाचा स्नायू मरत असतो. म्हणून रस्ता, रुग्णवाहिका आणि जवळचे सुसज्ज रुग्णालय हेही वैद्यकाच्या इतिहासाचेच विषय आहेत.

८/८
मित्रहो, आपल्या तालुक्यात पहिले ईसीजी यंत्र कधी आले, पहिली रक्त तपासणारी प्रयोगशाळा कधी उघडली, हे वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. किल्ल्यांच्या सनांइतकेच हे सनही जपण्याजोगे आहेत.