पाणी गढूळ झालं? मग निघा!

पावसाळा लागला की कॉलेजच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘चला, लोणावळा!’ जरूर जा. पण बॅग भरताना दोन रविवार आठवा. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला. चौघांचा जीव गेला.

भुशीचा तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. प्रवाहाच्या मधोमध, एकमेकांना घट्ट धरून उभे होते ते. तोवर बाहेर पडायची वेळ निघून गेली होती.

तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस कोसळत असू शकतो. ते पाणी बघता बघता खाली येतं. म्हणून खुणा ओळखा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज वाढला, की लगेच बाहेर! चप्पल, अर्धवट रील, सगळं सोडून. जोरातलं पाणी गुडघाभर असलं तरी माणसाला पाडतं. पुलावर गर्दी असेल तर पायच ठेवू नका. कुणी वाहून जात असेल तर मागोमाग उडी नको. काठावरून दोर किंवा ओढणी फेका, ११२ ला फोन लावा.

‘शिवदुर्ग मित्र’चे स्वयंसेवक धावून येतात, पण ते पोहोचेपर्यंत पाणी थांबत नाही. ग्रुपमध्ये ‘चला, निघूया’ म्हणणारा बोअर वाटतो ना? या वेळी तो तुम्ही व्हा.