'ढ' कोणास म्हणावे?

ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंतच्या प्रवासात बहुतेक अक्षरांनी आपले रूप पालटले. 'ढ'ने मात्र ते फारसे पालटले नाही, आणि म्हणून वर्गात पुढे न सरकणाऱ्या विद्यार्थ्यास 'ढ' म्हणण्याचा प्रघात पडला, अशी एक उपपत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, आठ वर्षांच्या एखाद्या मुलास हे विशेषण शाळेत आणि घरी आजही ज्या सहजतेने चिकटविले जाते, ती पाहता त्या अक्षराइतकीच आपली दृष्टीही बदललेली नाही, असे म्हणणे भाग आहे.

कायदा मात्र बदलला आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखही नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले, त्यांत तिचा समावेश केला, आणि अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून तीवर उपाय योजणे हे शाळांचे कर्तव्य ठरविले. पुढे २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी निर्देश देताना, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, असे बजावले. गुणांवरून विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडणे आणि चारचौघांत त्यांची मानहानी करणे यांसही न्यायालयाने मनाई केली. आता प्रश्न उरतो तो अंमलबजावणीचा.

हा दोष बुद्धीचा नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. चिन्ह आणि ध्वनी यांची सांगड मेंदूत जितक्या सुलभतेने बसावी तितक्या सुलभतेने ती काही मुलांच्या बाबतीत बसत नाही, एवढेच. आपली लिपी उच्चारानुसारी असल्याने मराठी मुलांस ही अडचण भासणार नाही, हा समज भाबडा आहे. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'प' आणि 'ष' यांतील भेद एका लहानशा रेघेचा. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनामागून येते, पण लिहावी लागते ती त्याच्या आधी. जोडाक्षरांचे संकट तर निराळेच. चुरचुरीत उत्तरे तोंडी देणारे मूल वही उघडताच गोंधळते, ते याच ठिकाणी. शिक्षकाने वर्ष-दोन वर्षे डोळसपणे पाहिले, तर आळशी मूल आणि अडलेले मूल यांतील फरक त्यास कळू शकतो, हे आम्ही वर्गात उभे राहिलेल्या अनुभवाने सांगतो.

तो कळला नाही, तर पुढची साखळी ठरलेली असते. बोलणी खाल्लेले मूल प्रथम वाचन टाळते, मग शाळा टाळते, आणि अखेर स्वतःवरचा विश्वास गमावते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. या साऱ्यांचे मूळ अध्ययन अक्षमतेत आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु रोजच्या अपमानातून नैराश्याकडे जाणारी वाट फार लांबची नसते.

महाराष्ट्र या बाबतीत कधी काळी पुढे होता. १९९६ च्या सुमारास येथील शासनाने अशा विद्यार्थ्यांस परीक्षेत सवलती देऊ केल्या. वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, या त्यांपैकी काही होत. सवलती योग्यच आहेत. पण सवलत म्हणजे उपचार नव्हे. दहावी तोंडावर आली की दाखल्यासाठी धावाधाव सुरू होते. तिसरीत ज्या मुलास निराळ्या पद्धतीने वाचावयास शिकविले पाहिजे होते, त्यास नववीत वाढीव वेळ देऊन आपण कर्तव्यमुक्त होतो. या दाखल्यांचा गैरफायदा घेतला जातो, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नसेलही. परंतु खोट्या दाखल्यांवर इलाज काटेकोर तपासणीचा आहे, खऱ्या मुलाची वाट अडविण्याचा नव्हे. मूल लवकर ओळखले गेले, तर ऐन परीक्षेच्या वेळच्या दाखल्यांस फारसे प्रयोजनही उरणार नाही.

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत मुलांस मागे ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली आणि २०२३ साली महाराष्ट्राने ती स्वीकारली. ओळखण्याचा कायदा कागदावर आणि रोखण्याचा नियम अंमलात, अशी स्थिती आल्यास ज्याची अडचण कोणी तपासलीच नाही, असे मूल नापास ठरून घरी बसेल. म्हणून मागे ठेवण्यापूर्वी अशा प्रत्येक मुलाची तपासणी सक्तीची करावी, ही आमची पहिली मागणी आहे. त्यासाठी साधने नाहीत, असे नव्हे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने मराठीसह काही भारतीय भाषांत तयार केलेल्या चाचण्या २०१५ पासून उपलब्ध आहेत. त्या वापरण्याचे शिक्षण दुसरी-तिसरीच्या शिक्षकांस द्यावे. तपासणीची सोय मुंबई-पुण्यापुरती न ठेवता प्रत्येक जिल्हा रुग्णालयात करावी. आणि जेथे एका शाळेस समुपदेशक परवडत नाही, तेथे चार शाळांनी मिळून एक नेमावा.

तथापि सारा भार शासनावर टाकून सुशिक्षित पालकांस मोकळे होता येणार नाही. शेजारच्या मुलाच्या टक्क्यांशी आपल्या मुलाची तुलना करणारा कोणी सरकारी अधिकारी नसतो. मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढण्यात कमीपणा मानणारा वर्गही आपलाच. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर शासनाची विनामूल्य मानसिक साहाय्य सेवा सुरू आहे. तो क्रमांक प्रगतिपुस्तकावर छापावयास कोणत्याही शाळेस खर्च येऊ नये. मुलास चष्मा लागला, तर आपण त्यास दोष देत नाही, चष्मा आणतो. अक्षरे न उमगणाऱ्या मुलाची अपेक्षा याहून अधिक काय आहे? ती पुरी करण्यासाठी त्याच्या दहावीपर्यंत थांबण्याचे कारण नाही.