आल्बेर काम्यू आणि त्याचे गुरुजी

थोर ग्रंथकाराचें चरित्र वाचतांना आपली दृष्टि बहुधा कीर्तीच्या कळसाकडे जाते. पायाचा दगड कोणीं बसविला, याची विचारपूस आपण सहसा करीत नाहीं. फ्रेंच कादंबरीकार आल्बेर काम्यू याचें चरित्र या दृष्टीनें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं अवश्य वाचावें, असें आम्हांस वाटतें.

काम्यूचा जन्म ७ नोव्हेंबर १९१३ रोजीं अल्जीरियांत झाला. तो देश त्या वेळीं फ्रेंचांच्या अमलाखालीं होता. दुसऱ्याच वर्षीं वडील महायुद्धांत जखमी होऊन वारले. आईस लिहितां-वाचतां येत नव्हतें व ऐकूंही कमी येई. आल्जिअर शहराच्या बेल्कूर या गरीब वस्तींत राहून, परक्यांच्या घरची झाडलोट करून ती संसारास हातभार लावी. घरांत शब्द चाले तो आजीचा. आणि प्राथमिक शिक्षण संपतांच मुलानें कामास लागावें, हा तिचा निश्चय होता.

अशा वेळीं लुई जेर्में हे शिक्षक पुढें आले. त्यांनीं आल्बेरला मोबदला न घेतां जादा शिकविलें, आजीची समजूत घातली आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसविलें. १९२४ सालीं मुलगा उच्च विद्यालयांत गेला.

आजीस दोष देणें सोपें आहे. पण ज्या घरीं चार पैशांची ओढ आहे, तेथें तिचें म्हणणें निराधार नव्हतें. कोणी विचारील, “प्रत्येक मुलगा कांहीं काम्यू होत नाहीं!” खरें आहे. परंतु हा मुलगा पुढें कोण होणार, हें जेर्में यांस तरी कोठें ठाऊक होतें? काम्यूच्या १९४७ सालच्या ‘प्लेग’ या कादंबरींतील डॉक्टर विजयाची खात्री नसतांही रोग्यांची सेवा सोडीत नाहीं. शिक्षकाचा धर्म याहून निराळा नाहीं, असें आमचें मत आहे.

१९५७ सालीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, काम्यूस साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. ती वार्ता ऐकतांच आपणांस प्रथम आईची व तिच्या मागोमाग आपली आठवण झाली, असें त्यानें गुरुजींस पत्रानें कळविलें. आणि त्या प्रसंगाचीं भाषणें छापलीं, तीं त्यांसच अर्पण केलीं. ४ जानेवारी १९६० रोजीं मोटार-अपघातांत त्याचा अंत झाला. त्या वेळीं त्याच्याजवळ एका अपुऱ्या कादंबरीचें हस्तलिखित सांपडलें. तें १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. त्याची अर्पणपत्रिका तें कधींच वाचूं न शकणाऱ्या आईस उद्देशून आहे.

पालकहो, मुलाची शाळा सोडविण्यापूर्वीं एकवार त्याच्या शिक्षकांशीं बोला. आणि विद्यार्थिमित्रांनो, यश मिळेल तेव्हां आभाराचें पत्र लिहालच. पण त्यासाठीं यशाची वाट कशास पाहावी? गुरुजी आज वर्गांत तुमच्यासमोर उभे आहेत.