गोळी कुणाची, खरेदी कुणाची?



गर्भनिरोधक गोळी खाते बाई, पण औषधाच्या दुकानात पुष्कळदा जातो नवरा. जिला विचारायचं ती समोर नसतेच. मला यातच खरा धोका दिसतो. रक्तदाब वाढलेला आहे का, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकतं का, पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, अंगावर पिणारं बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे का, हे कोण विचारणार? 'माला-डी'चं पाकीट मात्र लगेच हातात पडतं.

क्षयाची औषधं चालू असतील तर त्यातलं रिफाम्पिसिन गोळीचा परिणाम कमी करतं. त्या काळात नवऱ्यानं निरोध वापरावा. नाहीतर दिवस राहिले की बोल बाईलाच, "नीट खाल्ली नसशील!"

(गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतात ती गोळी गर्भनिरोधक नव्हे, हेही सांगून टाकते.)

सरकारी दवाखान्यात 'माला-एन' फुकट मिळते. संप्रेरकं नसलेली 'छाया'ही मिळते. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अंगावर पाजणारीलाही चालते, पण तपासून घेऊनच. गटाच्या पुढच्या बैठकीला उपकेंद्रातल्या सिस्टरना रक्तदाबाचं यंत्र घेऊन बोलवा. पाकिटं त्यानंतर.