सुई टोचून घेण्याआधी



‘ताई, ह्या सुयायनं लेकरू होते काय?’ अकोल्यातल्या आमच्या समुपदेशन केंद्रात हा प्रश्न अलीकडे वरचेवर येतो. विचारणाऱ्या बाया बाळापूर, पातूर, मूर्तिजापूरकडून आलेल्या असतात, शहरातल्याही असतात. लग्नाला पाच-सात-दहा वर्षं झालेली. टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार चालू असतो, किंवा एकदा करून फसलेला असतो. मग कुणीतरी सांगतं, की याच्या जोडीला ॲक्युपंक्चर घेतलं की गर्भ राहतोच. सिटिंगमागे पैसे, वर येण्याजाण्याचं भाडं. कपाशीच्या पैशातून, नाहीतर गळ्यातलं गहाण ठेवून आधीच एक खर्च उचललेला असतो, त्यावर हा दुसरा.

आपल्यापैकी काही जणी म्हणतील, हा आपला विषय आहे का? आई होणं म्हणजेच बाईच्या जन्माचं सार्थक, हे आपण कधी मानलं नाही, आजही मानत नाही. पण जिला मूल हवं आहे तीही आपलीच आहे. हळदीकुंकवाला जिला मुद्दाम वगळतात, डोहाळजेवणाच्या दिवशी जिला आतल्या खोलीत बसायला सांगतात, ती आपल्याकडे आली तर ‘मूल कशाला हवं?’ असा उपदेश करून तिची बोळवण करणं हीसुद्धा एक क्रूरता आहे. गर्भलिंगचाचणीविरुद्ध लढताना चळवळीने जे प्रश्न विचारले, आणि ज्यांतून महाराष्ट्रात १९८८ साली कायदा झाला, तेच प्रश्न इथेही विचारायचे आहेत: या तंत्राने बाईचं काय भलं होतं, जोखीम कोण उचलतं आणि पैसा कुणाच्या खिशात जातो?

आधी सुईबद्दल. ॲक्युपंक्चर ही मूळची चिनी उपचारपद्धती. शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर केसासारख्या बारीक सुया टोचून थोडा वेळ तशाच ठेवतात. आपल्या देशात ही विद्या रुजवणाऱ्यांत कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू यांचं नाव आधी घेतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले हे डॉक्टर. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आणि २०१९ साली केंद्र सरकारनेही या पद्धतीला मान्यता दिली. म्हणजे ही भोंदूगिरी आहे असं सरसकट म्हणून चालणार नाही. पण सरकारने पद्धतीला मान्यता दिली, याचा अर्थ तिच्या नावावर केलेला प्रत्येक दावा खरा ठरला असा होत नाही.

दावा काय आहे? गर्भाशयात गर्भ सोडण्याच्या आधी आणि नंतर सुया टोचल्या तर गर्भ टिकण्याची शक्यता वाढते. याचा आधार म्हणून २००२ सालचा जर्मनीतला एक अभ्यास दाखवतात. त्यात १६० बाया होत्या. सुया टोचलेल्या निम्म्या बायांपैकी ४२.५ टक्के जणींना गर्भ राहिला, उरलेल्या निम्म्यांपैकी २६.३ टक्के जणींना. आकडा मोठा आहे, म्हणूनच तो जगभर पसरला. पण अभ्यास लहान होता, आणि कुणाला सुया टोचल्या, कुणाला नाही, हे त्या बायांना ठाऊक होतं. पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या १६ केंद्रांत याहून मोठा अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८४८ बाया होत्या. निम्म्यांना खरं ॲक्युपंक्चर दिलं, निम्म्यांना कातडीच्या आत न जाणाऱ्या लटक्या सुया लावल्या, आणि कुणाला काय मिळतंय हे त्यांना कळू दिलं नाही. मोजलं तेही नुसता गर्भ राहणं नव्हे, तर जिवंत मूल जन्मणं. खऱ्या सुयांच्या गटात १८.३ टक्के, लटक्या सुयांच्या गटात १७.८ टक्के. म्हणजे सांगण्याजोगा फरक नाही.

म्हणून ‘सुयायनं लेकरू होते काय?’ याचं प्रामाणिक उत्तर असं, की सुयांमुळे लेकरू होण्याची शक्यता वाढते असं दिसलेलं नाही.

मग सुई निरुपयोगी का? असंही मला म्हणायचं नाही. या उपचारात बाईच्या शरीराचं काय होतं ते आपण ऐकतो. रोज पोटात इंजेक्शनं, फुगलेलं पोट, स्त्रीबीज काढताना भूल, मग गर्भ सोडल्यावर निकाल कळेपर्यंतचे जीवघेणे दिवस. अशा काळात ॲक्युपंक्चर घेतलेल्या बायांची चिंता कमी झाल्याचं काही अभ्यासांत आढळलं आहे. आमच्याकडच्या काही जणीही सांगतात, की त्या अर्ध्या तासात कुणी हाक मारत नाही, कुणी निकाल विचारत नाही, शांत पडून राहता येतं. घरात पाय पसरून बसायचीही सोय नसलेल्या बाईला ही विश्रांती छोटी नाही. तिला ती परवडत असेल, सुई टोचणारा जाणकार असेल, तर तिने ती जरूर घ्यावी. आधार म्हणून घ्यावी, हमी म्हणून नव्हे.

हा फरक शब्दांचा खेळ वाटेल, पण तो फार महत्त्वाचा आहे. एका बाईला सुया टोचणाऱ्याने मूल होण्याची खात्री दिली होती. पाळी आली तेव्हा तो म्हणाला, ‘तुम्ही टेन्शन घेतलं, म्हणून गर्भ टिकला नाही.’ घरी सासूनेही तेच ऐकवलं. दोष आधी तिच्या नशिबाचा होता, मग गर्भाशयाचा झाला, आता तिच्या मनाचा ठरला! आधाराच्या नावाने हमी विकली, की अपयशाचं ओझं शेवटी बाईच्याच डोक्यावर येतं. गर्भ न टिकण्याची कारणं अनेक असतात. काळजी केली म्हणून गर्भ गेला, असं कुणी बाईला ऐकवत असेल तर आपण ठामपणे आड आलं पाहिजे.

आणि नवरा? मूल न होण्यात पुरुषाच्या बाजूचं कारण कितीतरी जोडप्यांत असतं. वीर्यतपासणी ही सगळ्यात सोपी, स्वस्त आणि न दुखणारी तपासणी. तरी आमच्याकडे येणाऱ्या बायांच्या नळ्या तपासून झालेल्या असतात, दुर्बीण घालून झालेली असते, आणि नवऱ्याची तपासणी ‘राहिलीच’ असते. ती झाल्याशिवाय बाईला कुठलीही सुई टोचू नये, हा आपला पहिला आग्रह असावा. आपल्याकडे गर्भाशयाचा आणि नळ्यांचा क्षयरोग हेही वंध्यत्वाचं एक मोठं कारण आहे, याचीही आठवण ठेवावी.

कायद्याची दोन हत्यारं आपल्या हातात आहेत. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याने अशा प्रत्येक केंद्राला नोंदणी सक्तीची केली आहे. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम, धोके, दत्तक घेण्याचा पर्याय, हे सगळं जोडप्याला समजावून सांगणं आणि लेखी संमती घेणं केंद्रावर बंधनकारक आहे. तक्रार ऐकण्याची सोयही केंद्राने ठेवायची आहे. दुसरा कायदा २००५ चा, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा. मूल होत नाही म्हणून बाईला टोमणे मारणं, हिणवणं ही हिंसा आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ‘वांझोटी’ म्हणणं हा घरगुती मामला नाही, हे प्रत्येक बचत गटात सांगितलं गेलं पाहिजे.

ॲक्युपंक्चर घ्यायचंच ठरलं तर मैत्रिणीला एवढं विचारायला शिकवू या: तुमची परिषदेकडे नोंदणी आहे का? सुया नव्या, एकदाच वापरायच्या आहेत का? एकूण सिटिंग किती, खर्च किती, तो लिहून द्याल का? रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते सुई टोचणाऱ्याला सांगावं, आणि सुयांविषयी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञालाही सांगावं. त्यासाठी चालू औषध बंद करायला कुणी सांगितलं तर तिथून उठून यावं.

आणि मागणी सरकारकडेही आहे. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात, म्हणजे एका सार्वजनिक रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. तेव्हापासून हा उपचार वाढला तो मुख्यतः खासगी दवाखान्यांत. आयुष्मान भारत योजनेतून वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत. गोव्याने २०२३ साली आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हा उपचार मोफत सुरू केला, मग वऱ्हाडातल्या बाईने काय पाप केलं? अकोल्याचं लेडी हार्डिंग आणि अमरावतीचं डफरिन या आपल्या स्त्री रुग्णालयांत निदान दोघांची प्राथमिक तपासणी आणि समुपदेशक तरी मिळायला हवा.

ते होईपर्यंत एक गोष्ट आपण आजच करू शकतो. महिन्यातून एकदा अशा बायांना एकत्र बसवू या. तिथे कुणी उपाय सांगायचा नाही, नवस सुचवायचा नाही, फक्त ऐकायचं. उपचार थांबवावासा वाटला तर तो थांबवण्याचाही तिला हक्क आहे, हे तिला तिथे ऐकायला मिळू दे. आपल्या भागात असे गट सुरू झाले तर जरूर कळवा, पुढच्या अंकात त्यांचे अनुभव छापू.